रिकामे सरांची कोठी

रिकामे सरांचं आडनाव रिकामे नव्हतं. पण रायपूरच्या पुरानी बस्तीत त्यांचं खरं आडनाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं, आणि तोही दारात उभा राहून हाक मारायचा ती "रिकामे सर!" अशीच. कुठल्याही वस्तूकडे बोट दाखवून सर म्हणायचे, "हे आतून सगळं रिकामं आहे." भिंत, पितळेचा घडा, गल्लीतल्या देवळापुढचा दगडी नंदी, समोर बसलेल्या माणसाचं डोकं. समोरच्याला राग यायच्या आत ते पुढचं वाक्य टाकायचे, "माझंही!" आणि स्वतःच्या टकलावर टिचकी मारायचे. एका लग्नात वधूपित्यानं जावयाच्या बोटात अंगठी घातली, तेव्हा सर मांडवात मोठ्यानं म्हणाले होते, "सोनं तर पहिले रिकामं निघालं! सिद्ध झालेलं आहे!" वधूपित्याचा चेहरा उतरला. सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मागून सरांचा सदरा ओढला. काकूंना ती सवयच होती, म्हणून सरांचे सगळे सदरे पाठीमागे जरा लांब दिसायचे.

सर एका हिंदी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. बाकीचे धडे ते शिकवत. अणूच्या रचनेचा धडा मात्र ते सांगत, घरातली गोष्ट सांगावी तसा. त्या गोष्टीत एकच अडचण होती. वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही हा त्यांच्या घरचा रिवाज. काकू सरांचं नाव घेत नसत आणि सर त्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांचं. ज्यांनी इलेक्ट्रॉन शोधला ते 'मोठे बाबा'. त्यांच्या हाताखाली शिकून ज्यांनी अणूचं केंद्र शोधलं ते 'धाकटे बाबा'. आणि तेलाचे बारीक थेंब हवेत अधांतरी तोलून ज्यांनी इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला ते 'अमेरिकेचे तेलवाले काका'. खरी नावं सर फळ्यावर लिहीत, त्यांच्याखाली रेघ ओढत आणि कानाच्या पाळीला हात लावत.

नवं राज्य झालं त्या सुरुवातीच्या दिवसांत शाळेत तपासणीला एक अधिकारी आले. त्यांनी वर्गाला विचारलं, "इलेक्ट्रॉन की खोज किसने की?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बड़े बाबा ने!" अधिकारी गावात नवे होते. इथलं एखादं जागृत देवस्थान असावं असं समजून त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाले, "जय हो." जाताना त्यांनी मुख्याध्यापकांना दर्शनाची वेळही विचारली म्हणतात. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून घेतलं. सर म्हणाले, "उत्तर बरोबर आहे ना, साहेब? मग झालं तर."

मी त्यांच्या घरी आलो तो भाडेकरू म्हणून. मध्य प्रदेशाची वाटणी झाली तेव्हा पंखे वाटले गेले, कपाटं वाटली गेली, फायली वाटल्या गेल्या आणि माणसंही. मी छिंदवाड्याचा, वाटपात छत्तीसगढकडे आलो. रायपूर एकाएकी राजधानी झालं होतं आणि आमचं मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत थाटलं होतं. माझ्या टेबलाच्या वर सलाइन लटकवायचा आकडा अजून तसाच होता. मी त्याला डबा लावत असे. शहरात खोली मिळणं मुश्कील. गुरांच्या गोठ्यांवरही 'किराए से देना है' अशा पाट्या लागल्या होत्या.

खोली देण्याआधी सरांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही. विचारलं, "भाजीत मीठ कमी असलं तर मागून घेतोस का तसाच खातोस?"

"तसाच खातो."

"हं. आणि जास्त झालं तर?"

"तरी तसाच."

"घे खोली. बोलत नाहीस म्हणजे आवाज होणार नाही." आणि त्या दिवसापासून माझं नाव पडलं 'मंत्रालय'. "काय गा मंत्रालय, जेवला का?" अशी जिन्याखालून हाक यायची. एकदा म्हणाले, "अणू फोडला तर ऊर्जा निघते. राज्य फोडलं तर काय निघते, ते पायचं आहे." काही महिन्यांनी मी काखेत फायलींचा गठ्ठा घेऊन घरी आलो. त्याकडे बोट दाखवून ते एवढंच म्हणाले, "निघालं."

त्यांचा धाकट्या बाबांवर विशेष जीव. मोठ्या बाबांना वाटायचं, अणू म्हणजे बेसनाचा लाडू आणि इलेक्ट्रॉन म्हणजे त्यात रुतलेले बेदाणे. धाकट्या बाबांनी सोन्याचा अत्यंत पातळ वर्ख घेतला आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारे कण मारले. लाडू असता तर सगळे कण थोडेफार डुलत पलीकडे गेले असते. बहुतेक गेलेही, जसे काही मध्ये कोणी नाहीच. पण हजारोंतला एखादा कण उलटा फिरून आला. "म्हणजे काय?" सर टेबलावर मूठ आपटायचे. "म्हणजे आतमध्ये कुठंतरी काहीतरी बसून आहे. इवलुसं. पण सगळं वजन तिथंच! दिसत नाही ते. टक्कर झाली की समजते." त्यावर काकू आतून म्हणायच्या, "लाडू खायचा असतो. फोडून काय पायता?"

हीच युक्ती सर माणसांवर चालवायचे. माणसाच्या आत काय आहे ते दिसत नाही. मग बारीकसारीक प्रश्न मारायचे आणि काय परत येतं ते बघायचं. घरात या प्रकाराला 'कण मारणे' म्हणत. दूधवाल्याला त्यांनी एकदा सहज विचारलं, "गाय का नाम क्या है?" तो म्हणाला, "लछमी, सर." चार दिवसांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "गौरी." सर म्हणाले, "आणि जी नळाच्या खाली उभी राहते तिचं?" दूधवाल्यानं कान धरले, "हव सर, आज ले सुद्ध देहूं," आणि खरंच पुढे बरं दूध दिलं. पाहुण्यांपुढे तर सर असे रंगात यायचे की त्यांची मुलगी मध्ये पडायची, "पापा, अंकल पर कण मत मारो!"

मुलीचं नाव रेणू. हे नाव आपण ठेवलं असं सर सांगायचे. काकू म्हणायच्या, आजेसासूबाईंनी ठेवलं, तेव्हा हे बाहेर पान खात होते. रेणूला मराठी सगळं समजायचं, पण ती उत्तर हिंदीत द्यायची. त्या वेळी ती बी.एड. करत होती.

मला मारलेले कण आरपार जायचे. राजकारण, क्रिकेट, देव, साहेब, कशावर काही विचारलं तरी मी "हो," "बरं," "असेल." सर वैतागायचे, "याच्या आत तर हवाही नाही!" पण एका श्रावणात, मी खाली त्यांच्याकडे जेवत असताना, त्यांनी सहज विचारलं, "राखीले घरी जाणार ना?"

माझ्या हातातली वरणाची वाटी कलंडली. "ऑफिस आहे," मी म्हणालो.

"राखीले मंत्रालय सुरू असते?"

मी फडक्यानं वरण पुसत राहिलो. सर फक्त "हं" म्हणाले. पण मग दिवाळीत भाऊबीजेचा कण आला, उन्हाळ्यात "घरी कोण कोण असते?" हा आला, आणि प्रत्येक वेळी माझं काहीतरी सांडलं, नाहीतर घास अडकला.

ते जे आत बसलेलं होतं, ते मी आजवर कागदावर लिहिलेलं नाही. आता पन्नाशीला आलो, लिहितो. माझे वडील छिंदवाड्याला सिंचन खात्यात होते. नोकरीत असतानाच गेले. अनुकंपेवर घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. ताई माझ्याहून मोठी, बी.कॉम. झालेली, टायपिंग येणारी. वडिलांच्या मागे दफ्तराच्या पायऱ्या तिनंच झिजवल्या. तिथल्या चपराशालाही वाटायचं, आता या ताईच इथं बसणार. मी कॉलेजात नापास होण्याच्या बेतात होतो. एके दिवशी जेवताना आई म्हणाली, "नोकरी पोराले लागली पाहिजे. पोरगी काय, जाईल सासरी." ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. बस. एवढंच घडलं. मी भांडलो नाही, खोटं बोललो नाही, कोणाचं काही हिसकावलं नाही. नुसता भात कालवत बसलो. ताई पुढे सासरी गेलीच नाही. बाजारात टायपिंगचा क्लास काढला आणि आईला सांभाळलं. मी पैसे पाठवायचो आणि जायचं टाळायचो.

आता रेणूचं. आमचं जमलं यात माझा वाटा फार नाही. जिन्यावर दही देता-घेता, पेपर देता-घेता जे व्हायचं ते झालं, आणि शेवटी तीच म्हणाली, "आप कुछ बोलेंगे, या वो भी मैं ही बोल दूँ?" मी म्हणालो, "बरं." तिनं कपाळावर हात मारला आणि काकूंना सांगितलं. काकूंनी सरांना सांगितलं. मी वर खोलीत खिडकीच्या गजांना धरून उभा. खालून सरांचा आवाज आला, "कोठीत पाठवा त्याले!"

कोठी म्हणजे त्यांच्या घरातली तांदळाची खोली. खिडकी नाही, एकच दार. तिथं सरांचा खास प्रयोग होता. त्यांच्या वडिलांचं एक जुनं गजराचं घड्याळ होतं, आकड्यांना रेडियमचा रंग दिलेलं. नुसत्या डोळ्यांना ते आता विझल्यासारखं दिसायचं. पण गच्च अंधारात अर्धा तास बसून डोळे तयार केले आणि घड्याळजीच्या भिंगातून पाहिलं, तर आकड्यांवर एकेक ठिणगी वेगळी उडताना दिसायची. धाकट्या बाबांच्या हाताखाली शिकणारी दोन पोरं अशीच अंधारात बसून ठिणग्या मोजायची, असं सर अभिमानानं सांगत. जशी काही ती पोरं याच गल्लीत राहायची. सगळ्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लोकांना त्यांनी हे दर्शन घडवलं होतं.

रविवारची दुपार. दाराच्या फटींना गोधड्या लावल्या. सर आणि मी तांदळाच्या पोत्यांवर बसलो. हिंगाचा वास, घामाच्या धारा. थोडा वेळ गेला आणि भक्कन उजेड आला.

"मले तांदूळ काढायचे आहेत," दारात काकू.

"अहो! डोळे बिघडले! आता पुन्हा सुरुवातीपासून!"

"बिघडू द्या. पोट बिघडण्यापेक्षा बरं." तांदूळ घेऊन काकू गेल्या. पुन्हा गोधड्या, पुन्हा अंधार. मग डाळीसाठी रेणू आली. आत डोकावून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डाळ न घेताच गेली. सर म्हणाले, "डाळ तर स्वयंपाकघरात असते."

तिसऱ्यांदा अंधार टिकला. अंधारात सरांचा आवाज वेगळा वाटत होता, टिचकी मारणारा नाही.

"रेणूसाठी आला ना तू?"

"हो."

"मग एक सांग गा. राखीचं नाव निघालं की तुझ्या हातातलं काहून सांडते?"

उजेडात मी "काही नाही" म्हटलं असतं. अंधारात माझं तोंड मला दिसत नव्हतं, सरांनाही बहुतेक मी दिसत नव्हतो. मी बोललो. वडील, दफ्तर, ताई, ताट, भात. एवढं सलग मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. कोपऱ्यात उंदीर खुडबुडत होता, तोसुद्धा थांबला.

सर म्हणाले, "आता पाय." मी भिंगाला डोळा लावला. मला वाटलं होतं, चांदण्या दिसतील. तसं नव्हतं. उकळत्या दुधावरची साय जशी जागोजाग थरथरते, तसा तो आकडा उजेडानं थरथरत होता.

"एकेक ठिणगी म्हणजे एकेक अणू फुटून राहिला," सर म्हणाले. "दिसते का?"

"अंधुक."

"रडून राहिला असशील. भिंग पूस."

मी भिंग पुसलं. विचारलं, "सर, रेणूचं काय?"

"ते मी आज नाही सांगत. तुझ्या ताईले इथं घेऊन ये."

"ती नाही येणार."

"तू विचारलं का तिले?"

"नाही."

"प्रयोग न करता निष्कर्ष लिहिला? मंत्रालयात चालत असेल, इथं नाही चालत."

छिंदवाड्याला पोहोचलो तेव्हा ताईचा क्लास भरलेला. दहा-बारा मशीन एकदम खडखडत होत्या. मी तिच्या टेबलाजवळ जाऊन हळूच म्हणालो, "ताई, एक बोलायचं होतं."

"जोरानं बोल. मशीनचा आवाज आहे."

"ती नोकरी..."

"काय?"

"ती नोकरी तुझी होती!" मी ओरडलो.

नेमक्या त्याच क्षणी सगळ्या मशीन थांबल्या. पोरंपोरी वळून पाहू लागली. ताई त्यांना म्हणाली, "टाइप करो, टाइप करो. तुम्हारे मतलब का कुछ नहीं है." खडखड पुन्हा सुरू झाली. मग माझ्याकडे न बघता, एका मुलाच्या कागदावर लाल खुणा करत म्हणाली, "हे सांगायले इतके वर्ष लागले? मले वाटलं, तू विसरला." आणि थोड्या वेळानं, "जेवला का?"

रात्री जेवताना मी रेणूचं सांगितलं, सरांचा निरोप सांगितला. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. सकाळी उठलो तर शेजारणीला आईकडे बसवून, पिशवी भरून तयार. "चल. पायते तरी कोण सर आहेत ते."

रायपूरला आल्यावर सरांनी ताईला चहा पाजला आणि सरळ कोठीत नेलं. मी बाहेर पायरीवर. काकूंना त्या दिवशीही तांदूळ हवे होते, पण त्यांनी दाराला हात लावला नाही. मला दुकानात पिटाळलं. परत आलो तरी दार बंद. आतून काही ऐकू येत नव्हतं. फक्त एकदा ताई हसली. तिचं ते हसणं मी वडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

दोघं डोळे मिचकावत बाहेर आली. बैठकीत सगळ्यांसमोर सरांनी विचारलं, "बोला ताई. पोरगा कसा आहे?"

"भित्रा आहे," ताई म्हणाली. "स्वच्छ राहतो. भांडत नाही, कारण भांडायले बोलावं लागते."

रेणू पदराआड हसली. सरांनी विचारलं, "द्यावी का पोरगी?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. बाहेर गल्लीत एक रिक्षा आली, वळली, गेली. मला वाटलं, माझी मजा बघते आहे. मग म्हणाली, "द्या."

"बस," सर म्हणाले, आणि काकू साखर आणायला धावल्या.

लग्न झालं. पाठवणीला काकूंनी रडून घर डोक्यावर घेतलं. सर समजावत होते, "अहो, जिना चढून वर चालली ती! संध्याकाळी दही मागायले येईल." रेणू दुपारीच आली.

सर पुढे बरीच वर्षं होते. नवी राजधानी शहराबाहेर उभी राहिली, माझं ऑफिस तिकडे गेलं, इस्पितळ पुन्हा इस्पितळ झालं. शाळेतून निवृत्त झाल्यावर सर नातवंडांवर कण मारत. ती उलट त्यांच्यावर मारत. एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. गल्लीतला दूधवाला आता म्हातारा झाला होता. तो तिरडीला खांदा देऊन चालला, आणि सगळ्या पाऱ्यानं त्यांना "रिकामे सर" याच नावानं निरोप दिला. भटजींना संकल्पासाठी खरं नाव हवं होतं, ते काकूंनी अर्थातच घेतलं नाही, रेणूनं सांगितलं.

तेराव्याला ताई आली. पंगत उठल्यावर आम्ही दोघं मागच्या अंगणात हात धुवायला गेलो. मी विचारलं, "ताई, त्या दिवशी कोठीत तू हसली कशाला होती?"

"ते म्हणाले, तुमच्या भावानं भिंग ओलं करून ठेवलं, मी अजून पुसून राहिलो."

"आणि?"

ती नळ बंद करून उभी राहिली. "आणि म्हणाले, बाहेर गेल्यावर मी तुम्हाले विचारीन, पोरगी द्यावी का. तुम्ही नाही म्हटलं तर देणार नाही. कारण विचारणार नाही. तुमच्यावर बोल येऊ देणार नाही, मी माझ्यावर घेईन. रेणूलेही विचारून ठेवलं होतं त्यांनी. ती म्हणे, दीदी जो कहेंगी।"

मी आत पाहिलं. रेणू पत्रावळी उचलत होती. इतकी वर्षं एका घरात राहून तिनं मला हे सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, न बोलणारा मी एकटाच.

"म्हणजे तू नाही म्हटली असती तर..."

"तर तू वरच्या खोलीत भाडं भरत बसला असता."

"मग नाही काहून म्हटलं नाही? मी तुझं..."

"म्हणणारच होती," ताई म्हणाली. "तोंडापर्यंत आलं होतं. चांगला वेळ ठेवलं तोंडात, चव घेतली." तिनं पदराला हात पुसले. "मग वाटलं, नोकरीच्या वेळी मले असं कोणी विचारलं असतं ना विनू, तर तेव्हाही मी 'द्या त्याले' असंच म्हटलं असतं. फक्त विचारायले पाहिजे होतं."

एवढं बोलून ती काकूंजवळ जाऊन बसली.